जयंतीच्या जीपचं इंजिन

सूर्यभानच्या हिरव्या जीपनं सव्वीस वर्षांत एकही जयंती चुकवली नव्हती. सोनपेठपासून सहा किलोमीटरवरच्या त्या गावात चौदा एप्रिलला बाबासाहेबांची तसबीर जीपवर बसायची, मागं लेझीम, त्यामागं बायका, आणि विहारापासून निघून सगळं गाव फिरून परत विहारापाशी यायला चांगले चार तास लागायचे. या चार तासांत इंजिन बंद करायचं नाही, असा रिवाज होता. कुणी घालून दिला कुणास ठाऊक, पण पाळला जायचा कडक. ज्याची गाडी मध्येच बंद पडली त्याचा मान पुढच्या वर्षी दुसऱ्याकडं जायचा. सूर्यभानचा मान असा सव्वीस वर्षं टिकला होता, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं तो नुसत्या धुरावर टिकला होता. मागच्या जयंतीला तर जीपनं एवढा निळा धूर सोडला की लेझीमवाली पोरं खोकत खोकत खेळली.

फेब्रुवारीत इंजिननं हात टेकले. ढकलल्याशिवाय चालू होईना, आणि झालं तरी चढावर दम टाकायला लागलं. नव्यानं बांधून घेण्यावाचून इलाज नव्हता. सूर्यभाननं सोनपेठच्या महारुद्र मिस्त्रीला फोन लावायला घेतला, तेवढ्यात त्याच्या लेकीनं, बबितानं, फोनवर हात ठेवला.

"दादा, हे इंजिन मी बांधते."

सूर्यभाननं आधी लेकीकडं पाहिलं, मग तिच्या हाताकडं. बबितानं आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला होता आणि जिंतूरच्या एका ट्रॅक्टर वर्कशॉपात दोन वर्षं काढली होती. त्या दोन वर्षांत तिला इंजिन खोलायला बोलवत आणि बांधायची वेळ आली की पाने पुसायला बाहेर पाठवत. शेवटी ती काम सोडून घरी आली आणि रस्त्याला लागून असलेल्या जागेवर तिनं चार पत्र्यांचं शेड उभं केलं. शेडवर लावायची पाटी तयार होती, फक्त तिच्यावर नाव टाकायचं राहिलं होतं. जिनं आजवर एकही इंजिन बांधलेलं नाही तिच्या दारात कोण गाडी लावणार, हे तिलाही कळत होतं. पहिलं इंजिन घरचंच असायला हवं होतं.

"मिस्त्रीचा हात बसलेला हाय," सूर्यभान म्हणाला. "ह्याच गाडीचं दोनदा काम केलंय त्यानं."

"दोनदा केलंय म्हणूनच तिसऱ्यांदा करायची पाळी आली."

मिस्त्रीचा हात चांगला होता, हे खोटं नाही. पण हात त्याचा एकट्याचा आणि दारात इंजिनं दहा, अशी त्याची गत. सूर्यभाननं दोन दिवस विचार केला. लेकीचं मन मोडायचं नव्हतं आणि मानही घालवायचा नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यानं होकार दिला, पण नागसेनला जाऊन सांगून आला की तुझा ट्रॅक्टर तयार ठेव. नागसेन त्याच्या चुलतभावाचा मुलगा. त्याचा ट्रॅक्टर नवाकोरा होता आणि नागसेनही मानासाठी तयारच होता.

बबितानं इंजिन उतरवलं, खोललं. ब्लॉक आणि क्रँक परभणीला नेऊन आतून-बाहेरून घासून, म्हणजे बोरिंग, ग्राइंडिंग करून आणलं. तेवढं काम परक्या हातानंच व्हायचं, घरात काही लेथ नसतो. बाकी सगळं तिनं शेडात पोत्यावर मांडलं. पिस्टनला क्रँकशी जोडणारे चार रॉड होते आणि प्रत्येक रॉडला खालून बसणारी एकेक अर्धगोल कॅप होती. रॉड आणि कॅप एकत्र बसवूनच त्यांचं भोक पाडलेलं असतं, म्हणून एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही. जबरदस्तीनं बसवली तर क्रँक तरी अडकतो नाही तर चालत्या गाडीत बेरिंग जातं. म्हणून त्यांच्यावर नंबर ठोकलेले असतात. या चारांवर नंबरच नव्हते. बबितानं मग प्रत्येक जोडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, लाल, निळा, पांढरा, पिवळा, आणि पिस्टनच्या रिंगा आणायला सोनपेठला गेली.

आता जयंतीच्या आधी विहाराभोवतीच्या वस्तीत घरं कशी घासून-पुसून निघतात ते पाहायला हवं. भिंतींना नीळ टाकून चुना, मांडणीवरचं प्रत्येक भांडं राखेनं घासून उन्हात. सुलाबाई, बबिताची माय, या कामात कुणाला हार जायची नाही. घरातलं सगळं घासून झालं तेव्हा तिची नजर शेडाकडं गेली. लेक एवढी राबते आणि तिचं सामान असं काळंकुट्ट, चिंध्या-दोऱ्यांत गुंडाळलेलं पडलंय, हे तिला पाहवलं नाही.

बबिता परत आली तेव्हा चारही रॉड भिंतीला टेकून ओळीनं उभे होते आणि चार कॅपा वाट्यांसारख्या एकीवर एक रचलेल्या होत्या. सगळं लखलखीत. गंजू नये म्हणून तव्याला लावतात तसा करडईच्या तेलाचा हातही फिरवलेला होता. दोरे चुलीत गेले होते.

बबितानं एक कॅप उचलून उलटीपालटी करून पाहिली. मायवर ओरडावं असं तिला वाटलं, आणि मायचे राखेनं पांढरे झालेले हात पाहून ओरडवलं नाही.

"माय, कोणती कोणाची होती?"

"म्हंजे? चारी सारख्याच की," सुलाबाई म्हणाली.

सूर्यभाननं त्याच दुपारी मिस्त्रीला बोलावून आणलं. महारुद्र मिस्त्री अंगानं नावासारखाच होता. तो शेडात वाकून शिरला, रॉड उचलून पाहिले आणि मान हलवली.

"आता ह्या कॅपा कुणाच्या कुणाला न्हाईत. परभणीला धाडून चारींचं भोक नव्यानं करून घ्यावं लागतंय. तिथं नंबर लागायला पंधरा-वीस दिवस. औंदा जयंती सोडा सूर्यभान."

त्या दिवशी एकोणतीस मार्च होता.

"मिस्त्री काका," बबिता म्हणाली, "हे रॉड मागच्या खेपेला तुमीच बसवले. नंबर का न्हाई टाकले?"

"मला नंबर लागत न्हाईत पोरी. माझ्या ध्यानात राहतंय."

"मग सांगा की. कोणती कोणाची?"

मिस्त्रीनं घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "असल्या कामाला गॅरेज लागतंय. घरात भाकरी भाजावी." आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

सूर्यभान ओट्यावर बसून राहिला. सुलाबाईनं त्या दिवशी भाकर तोंडात घातली नाही. माझ्या हातानं लेकीचं वाटोळं झालं, एवढंच तिचं चालू होतं.

सकाळी बबिता शेडात गेली. एकत्र भोक पाडलेली जोडी असेल तर सांध्यावर पायरी लागता कामा नये, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं एक रॉड घेतला, कॅप लावली, बोल्ट कसले आणि आतून सांध्यावरून बोट फिरवलं. काही कळेना. दुसरी लावली, तरी तसंच. तिच्या बोटांची कातडी दोन वर्षं डिझेलमध्ये भिजून राठ झाली होती. सुलाबाई दारात उभी होती.

"काय चाचपायलीस?"

"सांधा. बरोबर जोडी असंल तर लागत न्हाई."

सुलाबाई आत आली आणि तिच्याजवळ बसली. गावातल्या निम्म्या वाकळी तिच्या हातच्या होत्या. कापडाला कापड कुठं जोडलंय ते ती डोळे मिटून सांगायची. तिनं रॉड मांडीवर घेतला, करंगळीचं नख आतून फिरवलं आणि म्हणाली, "न्हाई. हितं टोचतंय." बबितानं कॅप बदलली. "हितं कमी टोचतंय, पण टोचतंय." पुन्हा बदलली. सुलाबाईनं एकदा नख फिरवलं, उलटं फिरवलं, आणि हसली. कालपासून पहिल्यांदाच.

"सांधाच न्हाई हिला."

दुपारपर्यंत चारी जोड्या लागल्या. बबिता लगेच सोनपेठला गेली, आयटीआयच्या मैत्रिणीकडून भोक मोजायचं गेज मागून आणलं आणि प्रत्येक जोडी तीन ठिकाणी मोजली. चारी गोल. केसाएवढा फरक नाही. तिनं मोजून झाल्यावर छन्नी घेतली आणि रॉडवर, कॅपवर नंबर ठोकले. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक ठोक्याला सुलाबाई मान हलवत होती.

पुढं हात अडला नाही. पुस्तकात लिहिलं होतं तेवढ्याच ताकदीनं एकेक बोल्ट कसायचा, क्रँक हातानं फिरवून पाहायचा, मगच पुढचा. मिस्त्री असता तर दोन दिवसांत उरकलं असतं. बबिताला सहा लागले. सहा एप्रिलला सकाळी तिनं स्टार्टर दिला. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि लागलं. शेडाचे पत्रे थरथरायला लागले. मागं थोडा पांढरा धूर आला आणि विरून गेला. सूर्यभान सायलेन्सरच्या मागं उभा राहून निळ्या धुराची, म्हणजे तेल जळत असल्याच्या खुणेची, वाट पाहत होता. धूर काही आला नाही.

"नव्या इंजिनला चार तास रांगायला लावलं तर ते जाम होऊन बसतंय," तो म्हणाला. त्याची भीती खरी होती.

"म्हणून आधी मोकळ्या रस्त्यावर पळवू की."

सात दिवस बाप-लेकीनं जीप पळवली. एक दिवस जिंतूर, एक दिवस पूर्णा, मग पुन्हा जिंतूर. पूर्णेला स्टेशनसमोर चहा पिताना सूर्यभान दर दोन मिनिटांनी उठून बॉनेटखाली डोकावत होता. तेल जसंच्या तसं होतं.

चौदा तारखेला मिरवणूक निघाली. सूर्यभान स्टेअरिंगवर, बबिता शेजारी, वर फुलांत तसबीर. मागं काही अंतरावर नागसेनचा ट्रॅक्टर, आणि त्याच्यावर बंद गाडी ओढायचा जाड दोर, सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला. बबिताला तो दोर बघून जो राग आला तो तिनं दिवसभर उराशी ठेवला.

तीन तास बिनबोभाट गेले. मग चावडीपुढं लेझीम अशी रंगली की मिरवणूक जागची हलेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. ऊन डोक्यावर आलं आणि इंजिनचं पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा वर सरकायला लागला. सूर्यभानच्या कपाळावर घाम फुटला. नागसेन ट्रॅक्टरवरून उतरून जवळ आला आणि दोराकडं हात करून काही तरी म्हणाला, ते ढोलताशांत ऐकू आलं नाही.

"बंद करू का गं?" सूर्यभाननं विचारलं. सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यानं कुणाला विचारला नव्हता. "मान जाऊ दे, इंजिन वाचंल."

बबिता काट्याकडं पाहत होती. जीव तिचाही वर-खाली होत होता. पण आवाज स्वच्छ होता. त्यात खरखर नव्हती, ठोका नव्हता. इंजिन बिघडलं नव्हतं, त्याला फक्त वारा मिळत नव्हता.

"बंद न्हाई करायचं. न्यूट्रलमध्येच थोडी रेस धरा. पंखा जोरात फिरला की पाणी पळतंय."

"आणखी तापंल."

"दादा, मी बांधलंय. धरा."

सूर्यभाननं पाय दाबला. इंजिनचा आवाज चढला, पुढची माणसं वळून पाहायला लागली. काटा तिथंच थांबला. मग एक रेघ खाली आला, मग आणखी एक. सूर्यभाननं इतका लांब श्वास सोडला की बबिताला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. नागसेन परत जाऊन ट्रॅक्टरवर बसला. त्यानं दोर सीटखाली सारला, ते बबितानं आरशात पाहिलं.

विहारापाशी जीप पोचली तेव्हा साडेचार तास झाले होते. जयघोष झाला, तसबीर उतरवली गेली. सूर्यभाननं इंजिन बंद केलं नाही. तो खाली उतरला, फिरून बबिताच्या बाजूला आला आणि म्हणाला, "तू बस तिकडं. तूच चालू केलंस, तूच बंद कर." बबिता स्टेअरिंगवर सरकली. सगळ्या गावादेखत तिनं खटका ओढला आणि इंजिन एका दमात, न झटकता शांत झालं.

गर्दीतून महारुद्र मिस्त्री पुढं आला. तो चावडीपासून जीपच्या मागं मागं चालत आला होता, हे तिला ठाऊक नव्हतं. त्यानं सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बाहेर काढलं. बोटावर तेल नव्हतं.

"कुणाच्या कॅपा कुणाला, कसं काढलंस?"

"मायनं काढलं."

मिस्त्रीनं बोट रुमालाला पुसलं. "माझ्याकडं एक इंजिन महिनाभर खोलून पडलंय," तो म्हणाला. "मालक दारात बसायलाय. मला हात लावायला फुरसत न्हाई. बांधतीस का? माझ्या शेडात ये, जागा देतो."

"तुमच्या शेडात न्हाई येणार, काका," बबिता म्हणाली. "आमच्या शेडात आणून टाका. माय धुईल, मी बांधीन."

शेजारी उभ्या सुलाबाईनं पदर सारखा केला.

"पण नंबर टाकून धाडा म्हणावं," ती म्हणाली.