नट-बोल्ट तोलणारा तराजू

मी तराजू बोलतोय. दोन पारड्यांचा, मधे काटा असलेला. अंगाने ओतीव लोखंड, त्यामुळे बोलणंही जरा जडच. गोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

जन्म भट्टीत झाला, आयुष्य गेलं हार्डवेअरच्या दुकानात. मालक म्हातारा. शिक्षण चौथी, तेही मास्तरांच्या कृपेने. पण शंभर नट द्यायचे तर तो मोजत बसायचा नाही. एक नट पाच ग्रॅमचा, शंभराचे पाचशे. टाकले पारड्यात, झालं.

मग त्याच्या मुलाने बटणांचा नवा वजनकाटा आणला. म्हणाला, "बाबा, हे धूड रविवारी भंगारात देतो." म्हातारा मान खाली घालून खिळे निवडत राहिला. ते मला लागलं.

शनिवारी नात दप्तर घेऊन दुकानात आली. रसायनशास्त्रात नापास, सोमवारी फेरपरीक्षा. त्यातही गेली तर सायन्स सुटणार. आणि तिला तर औषधं बनवायला शिकायचं होतं.

"आजोबा, समीकरण जुळवता येतं मला. पुढचंच अडतं. पाणी बनवायला हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक. मग चार ग्रॅम हायड्रोजनला ऑक्सिजन दोन ग्रॅम ना? बाई दर वेळी फुली मारतात."

"रेणू-बिणू मला ठाऊक नाही. एका बोल्टाला दोन नट लागतात. बोल्ट एक किलो घेतले. नट किती देऊ?"

"दोन किलो."

"वा. आता तोलून बघ."

एक बोल्ट वीस ग्रॅमचा. पोरीने किलोभर तोलले, मग मोजले. पन्नास भरले. म्हणजे नट हवेत शंभर. तेही तोलले. अर्धा किलो.

पोरीने दोन्ही ढीग पुन्हा पाहिले. मग हळूच म्हणाली, "म्हणजे समीकरणातले आकडे नग सांगतात. वजन नाही."

"मग एका नगाचं वजन?"

"ते पुस्तकातल्या तक्त्यात आहे. हायड्रोजनचा रेणू दोन, ऑक्सिजनचा बत्तीस." तिने भराभरा लिहिलं. चार ग्रॅम हायड्रोजनला ऑक्सिजन बत्तीस ग्रॅम, आणि पाणी छत्तीस.

इकडे चार नि बत्तीस, तिकडे छत्तीस. असं काही ऐकलं की माझा काटा सुखावतो.

"आजोबा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"याने." म्हाताऱ्याने माझ्या दांडीवर थाप मारली आणि गल्ल्यावर बसलेल्या मुलाकडे वळला. "याला भंगारात घालायचं तर आधी मला उचल."

फेरपरीक्षेत पंचवीसपैकी बावीस पडले. "तीन कुठे सांडलेस?" म्हातारा खेकसला. पण दिवसभर खिळे घ्यायला आलेल्या माणसालाही बावीसची गोष्ट ऐकून जावं लागलं.

आता म्हातारा नाही. मी नातीच्या टेबलावर असतो. ती औषधांचंच शिकते. परवा तिने म्हाताऱ्याचा चष्मा माझ्या डाव्या पारड्यात ठेवला आणि उजव्यात एकेक नट टाकत गेली. सातव्याला काटा मधोमध आला. मग चष्मा आणि नट तसेच ठेवून अभ्यासाला बसली.

टेबल आवरायला येणाऱ्यांना माझं एकच सांगणं. धूळ पुसा, हवं तर मला तेलही द्या. ते सात नट मात्र उचलू नका.