दोन चकरा आणि सहा मिनिटं

मित्रांनो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही म्हणाल, 'दोनच मिनिटांत आलो.' मी म्हणेन, बघू. मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. कुणी काय सांगितलं याच्याशी माझं देणंघेणं नाही. बटण कधी दाबलं आणि पुन्हा कधी दाबलं, एवढंच मला कळतं.

माझी पाठ स्टीलची आहे. मोठा काटा सेकंदांचा. वरच्या अंगाला एक छोटी तबकडी आहे, तिच्यातला काटा तीस मिनिटांत एक चक्कर पुरी करतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मला बॅटरी लागत नाही. डोक्यावरची किल्ली फिरवली की माझ्या अंगात दम भरतो. ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे माझ्यासारख्या शंभर जणांना एका रांगेत मांडून एकाच वेळी सुरू करायचे. जो मागे पडेल तो बाजूला. मी मागे पडलो नाही, पण शेजारच्यांवर नजर ठेवायची सवय तेव्हापासूनच लागली.

माझे पहिले मालक एका शाळेत क्रीडाशिक्षक होते. माझ्या अंगी संशय मुरवला तो त्यांनीच. पालक येऊन सांगायचे, "सर, आमची मुलगी शंभर मीटर तेरा सेकंदांत पळते." सर हसायचे आणि मला खिशातून बाहेर काढायचे. मुलगी निघायची सतरा सेकंदांची! "सांगितलेलं ऐकावं, मोजलेलं मानावं," असं सर म्हणत. आणि मोजायचं तेही एकदा नाही, दहा वेळा. "एकदा मोजून काही कळत नाही," हे त्यांचं दुसरं वाक्य. रोज सकाळी ते मला दहा पीळ किल्ली द्यायचे आणि रुमालानं पुसायचे. ते दिवस माझ्या मानाचे होते.

मग सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेलेच. मी एका खणात जाऊन पडलो. सोबतीला कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, सुकलेल्या डिंकाची बाटली आणि एक मोजपट्टी. ती पहिल्या दोन इंचांत तुटलेली होती आणि तरीही स्वतःला पट्टी म्हणवत होती. वर्षांमागून वर्षं गेली. माझा उपयोग संपला, असं मी धरूनच चाललो होतो.

मला बाहेर काढलं ते सरांच्या मुलानं. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो, लोकांचे डोळे तपासून भिंगं बसवतो. त्याची बायको एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. त्यांना आठ वर्षांची एक मुलगी आहे. ती वाटेतला प्रत्येक दगड बघत चालते, म्हणून बाप तिला गोगलगाय म्हणतो. घरमालकाला घर परत हवं होतं आणि दोन महिन्यांत नव्या वसाहतीत घर शोधायचं होतं. जुन्या घराची तऱ्हाच अशी होती की दुकान एका टोकाला, प्रयोगशाळा दुसऱ्या टोकाला आणि शाळा तिसरीकडेच. या वेळी चूक करायची नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. पोरीचं सगळं शिक्षण आता तिथेच व्हायचं होतं.

दलाल त्यांना टेकडीपलीकडची वसाहत दाखवायला घेऊन गेला. "बस थांबा? अहो, इथे शिंकलात तर तिथे ऐकू जाईल! आणि शाळा तर हाकेच्या अंतरावर." बापानं खिशातून मला काढलं. बस थांबा अकरा मिनिटांवर निघाला आणि शाळा चौदा. हाक मारणाऱ्याचा गळा केवढा असावा, याचा मी बराच वेळ विचार करत होतो. दलाल म्हणाला, "साहेब, तुम्ही फारच सावकाश चालता बुवा."

त्या दिवसापासून घरात मोजणी सुरू झाली. फ्रिजच्या दारावर एक मोठा कागद लागला. एका बाजूला टेकडीपलीकडची वसाहत. तिथली शाळा नावाजलेली, पण ती अडीचला सुटते, नेमकी आईची पाळी संपते तेव्हाच. दुसऱ्या बाजूला कालव्याकाठची. तिथली शाळा साधी, साडेतीनला सुटणारी. तिथून आईची प्रयोगशाळा अर्ध्या तासावर, पण बापाचं दुकान मात्र तासभर लांब. "सगळ्यांचा वेळ मोजायचा," बापानं जेवताना जाहीर केलं. "प्रत्येक रस्ता दहा वेळा. माझ्या बाबांचा नियम आहे." पोर ताटातला घास तसाच धरून ऐकत होती.

मला वाटलं, आता माझा मान परत आला. पण याच दिवसांत माझ्या मनात पाल चुकचुकली. ती त्या पोरीमुळे.

बाप सकाळी किल्ली देऊन मला खणात ठेवायचा, म्हणजे संध्याकाळी मोजायला तयार. तो कामाला निघाला की ती गोगलगाय, जिला मोजा चढवायला दहा मिनिटं लागतात, ती चपळाईनं खण उघडायची आणि मला दप्तरात घालायची. दुपारी घंटा झाली की मला बाहेर काढून बटण दाबायची आणि मुठीत घट्ट धरून ठेवायची. मला काही म्हणजे काही दिसायचं नाही. मी म्हटलं, शर्यत असेल. पण ही कसली शर्यत, जिच्यात कुणी पळतच नाही? तळहात घामेजलेला आणि बाकी सगळं गप्प. बऱ्याच वेळानं बटण पुन्हा दाबलं जाई, कागदावर पेन्सिल खरखरे, आणि संध्याकाळपर्यंत मी गुपचूप खणात. ही पोर मित्रमैत्रिणींत माझी फुशारकी मारते आहे किंवा मला कुणाला तरी देऊन टाकणार आहे, अशी माझी खात्रीच झाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मला तिच्या डोळ्यांत दिसायला लागलं होतं.

एका मंगळवारी संध्याकाळी बाप टेकडीपलीकडून बसनं थेट प्रयोगशाळेपर्यंत गेला आणि दारात उतरून त्यानं माझ्याकडे पाहिलं. अडतीस मिनिटं. तो खूश झाला. दुसऱ्या दिवशी आईची सुट्टी होती. सकाळी किल्ली दिल्या दिल्या ती मला घेऊन त्याच रस्त्यानं गेली. बावन्न मिनिटं.

संध्याकाळी फ्रिजसमोर दोघं उभे राहिले.

"चौदा मिनिटांचा फरक? एकाच रस्त्याला?" आई म्हणाली.

"तू वाटेत कुठे थांबली असशील."

"मी थांबले? की तू मधेच बटण दाबलंस? टेकडीपलीकडे तुझ्या ताईचं घर आहे, हे मला माहीत नाही का?"

"वा! आणि कालव्यापासून तुझी प्रयोगशाळा अर्ध्या तासावर, हा काय योगायोग?"

"अरे, मी काय माझ्यासाठी भांडतेय? साडेतीनला शाळा सुटली तर मी घंटेला फाटकाशी असेन."

"आणि नावाजलेली शाळा सोडायची? त्यासाठी अर्धा तास थांबेल ती. आत्ताही नाही का चारपर्यंत ग्रंथालयात बसत? गोष्टी ऐकते, मजेत असते."

खरं सांगतो, मित्रांनो, मला दोघांचाही संशय आला. आईचा जरा जास्त, कारण माझ्या स्वतःच्या चालीवर संशय घ्यावा हे माझ्या मनातही आलं नाही. दोघांनी पाळीपाळीनं मला कानाशी धरलं. मग बापानं किल्ली फिरवून पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सकाळी दहा पीळ दिले होते. हिनं एकदाच वापरलं. मग हे इतकं सैल कसं? म्हणजे म्हातारं झालंय, दम टिकत नाही. पण इतकाही? काल तर मी सकाळी किल्ली दिली आणि संध्याकाळी एकदाच..." तो थांबला आणि वळला. "गोगलगाय, तू खणातून घेतेस का हे?"

पोर दारात उभी होती. माझ्या मनात आलं, सापडली एकदाची! मला अगदी बरं वाटलं, हे लपवत नाही.

"घेते," ती म्हणाली.

"खेळायला?"

"नाही. मोजायला." ती आत गेली आणि चित्रकलेची वही घेऊन आली. शेवटच्या पानावर तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे वेळ. तिला तास मांडता येत नसावेत, म्हणून तिनं माझ्या छोट्या तबकडीच्या भाषेत लिहिलं होतं. दोन चकरा आणि चार मिनिटं. दोन चकरा आणि नऊ मिनिटं. दोन चकरा आणि सहा मिनिटं. मंगळवारी तर 'दोन चकरा आणि सहा मिनिटं, आईची बस चुकली नाही तरी' असं होतं.

"हे काय आहे?" आईनं विचारलं, पण तिचा आवाज आधीच बदलला होता.

"घंटा झाल्यापासून तू येईपर्यंत. बाबा म्हणाले, सगळ्यांचा वेळ मोजायचा."

"पण तू तर ग्रंथालयात असतेस ना? गोष्टींच्या तासाला?"

"गोष्टी सांगणाऱ्या बाई सोडून गेल्या. सुट्टीच्या आधीच. ग्रंथालय बंद असतं."

"मग तू कुठे बसतेस?"

"फाटकापाशी. वॉचमनकाकांच्या बाकावर. सगळे गेले की काका फाटक लावतात, मग आम्ही दोघंच." तिनं वहीची कड दुमडली. "तू विचारलंस की मी सांगायची, आत्ताच आले बाहेर. नाहीतर तू धावत आली असतीस. एकदा पडली होतीस ना जिन्यात."

"अगं, मग आम्हाला सांगायचं नाही का?" बाप म्हणाला.

"सांगणारच होते. नऊच झालेत, अजून एक दिवस राहिलाय. एकदा मोजून काही कळत नाही ना?"

बाप खाली बसला. आई वही हातात धरून तिच्या तारखांवरून बोट फिरवत राहिली, नऊच्या नऊ ओळींवरून.

मंगळवारी काय घडलं, हे मला तेव्हा उमगलं. दुपारी पोरीच्या मुठीत मी एक तास सहा मिनिटं चाललो होतो. संध्याकाळी बसमध्ये अडतिसाव्या मिनिटाला माझा दम संपला. थांबलेल्या घड्याळाला आपण थांबलोय हे कळत नाही, मित्रांनो. मी मात्र ऐटीत अडतीस दाखवत राहिलो आणि चौदा मिनिटांसाठी एका बाईला खोटं ठरवलं. आणि त्या घामेजल्या मुठीला चोर. मला शरम वाटली, आजही वाटते.

बापानं उठून फ्रिजवरचा कागद काढला. मागच्या कोऱ्या बाजूला त्यानं एकच प्रश्न लिहिला, 'घंटेनंतर फाटकाशी किती?' टेकडीपुढे बावन्न. कालव्यापुढे शून्य. पोरीनं हात लांब करून शून्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ती माझ्याच तालमीत तयार झालेली. "मी तासभर प्रवास करीन," बाप म्हणाला. "मी मोठा आहे, मला बसायला खिडकी मिळाली की झालं." आपण घड्याळावर आंधळेपणानं विसंबलो, असंही तो म्हणाला. ते मला लागलं, पण खोटं नव्हतं.

ते कालव्याकाठी राहायला गेले. घर लहान आहे, स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नाही, आणि दलालानं 'शांत परिसर' म्हटलं तिथे समोरच सुताराची करवत चालते. बापानं मला एका जुन्या घड्याळजीकडे नेलं. घड्याळजीनं मला उघडून धूळ काढली, तेल घातलं, स्प्रिंग बदलली. आता मी पाच तास चालतो. सहा म्हणणार नाही, मोजलेले पाचच आहेत.

नव्या शाळेचा पहिला दिवस. त्या दिवशी मी दप्तरात नव्हतो, आईच्या पर्समध्ये होतो. साडेतीनची घंटा झाली आणि बटण आईनं दाबलं. एकेक करून पोरं बाहेर पडली, फाटकापाशी गर्दी झाली आणि विरली. आई टाचा उंचावून बघत होती. शेवटी गोगलगाय आली, एका बुटाची नाडी लोंबत होती आणि हातात एक दगड होता. आईनं पुन्हा बटण दाबलं. घरी आल्यावर तिनं चित्रकलेची वही काढली आणि नऊ ओळींच्या खाली आपल्या अक्षरात दहावी ओळ लिहिली. 'आज आईनं वाट पाहिली. चार मिनिटं.'

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू घरात असेल, तर तिला तेलपाणी करा, वेळच्या वेळी किल्ली द्या आणि ती सांगते ते एकदा ताडून पाहा. आणि घरात कुणी रोज म्हणत असेल, 'आत्ताच आले बाहेर,' तर त्याची मूठ हलकेच उघडून बघा.