उघडं घरटं

"कोणी बोलायचं नाय. मोबाइल सायलेंटवर टाका," हरिचंद्र पुढून कुजबुजला आणि मागच्या नऊ माणसांनी मुकाट्याने खिशात हात घातले. बदलापूरच्या डोंगरपायथ्याला मे महिन्यात सकाळी नऊलाच ऊन चटके देत होतं. वाटेत चतुर, नाकतोडे, एक कोतवाल पक्षी अशी बरीच मंडळी कॅमेऱ्यात सापडली होती. पण आज सगळे आले होते ते हरिचंद्रचं बुलबुलाचं घरटं बघायला.

हरिचंद्र अंबरनाथच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं तपासनीस होता. तयार माल भिंगाखाली धरायचा आणि कडेला धातूचा कण जरी चिकटलेला दिसला तरी घासून काढायचा. साहेबसुद्धा त्याच्या नजरेला वचकून असत. निवृत्तीनंतर मात्र त्या नजरेला गिऱ्हाईक उरलं नाही. घरी कपावरचा डाग दाखवला की सून तोंड फिरवायची. शेवटी मुलाने आपला जुना कॅमेरा दिला, मैत्रेयी मॅडमच्या निसर्गभ्रमंतीच्या ग्रुपमध्ये नाव घातलं, आणि म्हातारा पुन्हा माणसांत आला.

काल सकाळी तो एकटाच इथे येऊन गेला होता. करवंदीच्या जाळीत घरटं, घरट्यात तीन पिल्लं, तिघांच्या चोची वासलेल्या. संध्याकाळी फोटो ग्रुपवर टाकला आणि फोन वाजायचा थांबेना. मैत्रेयीने तर लिहिलं, "काका, उद्याचा वॉक तुम्ही लीड करायचा." त्याला आजवर कोणी पुढे चाला म्हटलं नव्हतं. तो हरखून गेला होता.

जाळीपाशी येऊन त्याने वाकून पाहिलं. दोन पिल्लं माना टाकून पडली होती. त्यांना मुंग्या लागल्या होत्या. तिसऱ्याची चोच तेवढी हलत होती.

"अरे बापरे!" मागून कोणीतरी म्हणालं.

"होतं असं काका," मैत्रेयी हळूच म्हणाली. "नेचर आहे." मग तिची नजर वर गेली. घरट्यावरच्या डहाळ्या एकसारख्या, सफाईने कापलेल्या होत्या आणि ऊन थेट आत उतरत होतं. "ही पानं कोणी छाटली?"

कुठल्यातरी गुराख्यावर ढकलता आलं असतं. हरिचंद्र पुढे झाला.

"मीच, मॅडम. मिशीच्या कात्रीने. पानं मधे येत होती, फोटो क्लिअर येत नव्हता. मला वाटलं, साफ केलं तर बरं. त्यांची सावली जाईल हे डोक्यातच आलं नाय माझ्या."

तो तिथेच खिळून उभा राहिला. त्याची सावली पिल्लावर पडली होती.

"मागे या काका. तुम्ही उभे असाल तर आई येणार नाही," मैत्रेयी म्हणाली.

"आणि मागे आलो तर ऊन लागंल त्याला."

हरिचंद्रने अंगातला शर्ट काढला, घरट्याच्या वर हातभर अंतरावर फांद्यांना बांधला आणि वीस पावलं मागे येऊन बनियनवर, भर उन्हात दगडावर बसला. लोक झाडाखाली बोलावत होते. तो उठला नाही.

अर्ध्या तासाने आई आली. चोचीत हिरवी अळी होती. शर्टाला बिचकून ती दोनदा उडाली. तिसऱ्यांदा मात्र घरट्याच्या कडेवर बसली. हरिचंद्रने लेन्समधून पाहिलं.

तिने अळी आधी एका मेलेल्या पिल्लाच्या चोचीला लावली. थांबली. पुन्हा लावली.