कार्डात नसलेला फोटो

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. जुना म्हटल्यावर तुम्ही विचाराल, कोणाच्या घरी होतास? तर मित्रांनो, कोणाच्याच नाही. माझे भाईबंद खोक्यांत बसून लोकांच्या घरी गेले आणि मला मात्र वायरने बांधून दुकानाच्या काउंटरवर ठेवलं गेलं. मी 'वापरून बघा' कॅमेरा होतो.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथे माझ्याजवळ बोलायलाही बंदी होती, कारण तोंडातून उडालेला एक थेंब भिंगावर बसला असता तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती. शेवटी तपासणाऱ्या बाईने माझ्यातून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर टिपलं, आकडे नीट वाचले आणि मान हलवली. ती माझी पहिली शाबासकी.

मी खिशात मावत असलो तरी मोठ्या कॅमेऱ्यांची बहुतेक कामं करत असे. गिऱ्हाइकं मला हातात घेत आणि माझ्या तोंडावरच मतं सांगत. एका नर्सला मी फार आवडलो, पण तिच्या नवऱ्याला बटणं जास्त वाटली. एक वकीलसाहेब म्हणाले, "कॅमेरा हुशार आहे, पण माझी अक्कल कमी पडते," आणि साधा कॅमेरा घेऊन गेले. कोणाला मी जड वाटे, कोणाला हलका. व्यक्ती तितक्या प्रकृती! मी मनावर घेत नसे. खरं सांगायचं तर घेत असे.

मला वापरून बघताना लोक शेजारी असेल त्याचा फोटो काढत. बायको, भाऊ, नाहीतर काउंटरवरची ताई. ही ताई दुकान सांभाळायची. दिवसभरात माझ्या कार्डात पन्नाससाठ चेहरे जमत आणि संध्याकाळी शटर ओढण्याआधी ताई एक बटण दाबून सगळे पुसून टाकी. हसणारे, डोळे मिटलेले, अर्ध्या डोक्याचे, सगळेच जात. तिचं काही चुकत नव्हतं. परक्यांचे फोटो ठेवून ती काय करणार?

एका दुपारी एक काका-काकू आले. काका दातांच्या कवळ्या बनवत. आल्या आल्या त्यांनी ताईला विचारलं, "यात दातांचा रंग खराखुरा येतो का? मला कामासाठी हवाय."

काकू लगेच म्हणाल्या, "साऱ्या गावाला दात दिले यांनी, आणि स्वतःचा पुढचा दात तीस वर्षं तुटकाच. दिव्याखाली अंधार!"

त्या दातापायी काका फोटोत कधी तोंड उघडत नसत. मुळात ते फोटोत नसतच, कारण घरातले सगळे फोटो तेच काढत. काकूंनी हे सगळं ताईला तक्रारीच्या सुरात सांगितलं आणि मला उचललं. "अहो, आज मी काढते तुमचा. सरळ उभे राहा."

त्यांनी मला उलटं धरलं होतं. फ्लॅश त्यांच्याच डोळ्यांवर पडला आणि पडद्यावर आलं ते त्यांचं भलंमोठं नाक. ते पाहून काकांना असं हसू फुटलं की त्यांना काउंटर धरावा लागला. तेवढ्यात काकूंनी मला सरळ केलं आणि बटण दाबलं. तुटक्या दातासकट, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे काका माझ्यात उतरले. तसा फोटो माझ्याकडून पुन्हा निघाला नाही.

"पुसून टाक गं तो," काका म्हणाले.

"या ताई पुसतील संध्याकाळी. मी बघून तर घेते," काकू म्हणाल्या. त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग "घरी विचार करून सांगतो," असं म्हणून दोघं गेले.

आता नीट ऐका. त्या दिवशी माझ्यात कार्डच नव्हतं. सकाळी एका गिऱ्हाइकाला कार्ड हवं होतं, दुकानातली संपली होती, म्हणून ताईने माझंच काढून दिलं होतं. पण माझ्या पोटात कंपनीने एक छोटासा कप्पा दिलेला आहे. जेमतेम दहा फोटो मावतील एवढा. कार्ड नसलं की फोटो तिथे जातात. कार्ड घातलं की मी फक्त कार्डाकडे बघतो, कप्प्यातलं काही दाखवत नाही. माझी घडणच तशी आहे. ताईला हे ठाऊक नव्हतं. काका-काकू गेल्यावर तिने नवं कार्ड आणून घातलं आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे पुसलं. काका पोटात राहिले.

पुढे फोनमध्येच चांगले कॅमेरे आले. माझी वायर सोडली आणि मला खालच्या खणात टाकलं. वर फोनची कव्हरं लटकली. खणात अंधार, धूळ आणि निरुपयोगी चार्जर. किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही.

मग एक दिवस काकू आल्या. एकट्याच. आवाजावरून मी त्यांना ओळखलं.

"ताई, तुम्हाला आठवणार नाही. आम्ही एकदा इथे कॅमेरा बघायला आलो होतो. मी यांचा एक फोटो काढला होता. हे गेले हो, दोन महिने झाले. घरात त्यांचा फोटो आहे तो फक्त ओळखपत्रावरचा. त्यात ते कोणावर तरी रागावल्यासारखे दिसतात. नातीला मी सांगते, आजोबा असे नव्हते. ती म्हणते, मग कसे होते?"

ताईने खण उपसला. चार्जर शोधला, मला पुसलं, तासभर विजेवर लावलं. काकू स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. ताईने बटण दाबलं. माझं भिंग करकरत बाहेर आलं. मला इतका आनंद झाला होता! पण आत कार्ड होतं. मी कार्डाकडे पाहिलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: फोटो नाही.

"मी रोज पुसायचे, काकू," ताई रडवेली होऊन म्हणाली. मग तिने मला बंद केलं आणि त्यानंतर कार्ड बाहेर काढलं. मित्रांनो, फक्त क्रम उलटा झाला असता तर! "हे घेऊन जा. पुसलेले फोटो परत मिळवून देणारे असतात. बघा, निघाला तर."

काकूंनी कार्ड रुमालात गुंडाळून नेलं.

आठ दिवसांनी त्या परत आल्या. मी काउंटरवरच होतो, कार्डाविना, पोटात चार्जिंग शिल्लक असलेला. "खूप माणसं निघाली त्यातून," त्या म्हणाल्या. "कोणाकोणाची. मी सगळी पाहिली, एकेक करून. हे नाहीत." त्यांनी मला हातात घेतलं. त्यांचा अंगठा बटणाच्या अगदी शेजारी होता. दाबा, काकू, दाबा! मला ओरडता आलं असतं तर! पण रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण कोण कशाला दाबेल? त्यांनी मला हळूच खाली ठेवलं, ताईच्या हातावर थोपटलं आणि त्या गेल्या.

मित्रांनो, घरात जुना कॅमेरा असेल तर टाकून देण्याआधी त्यातलं कार्ड काढा आणि मग एकदा चालू करून बघा. आणि तुमच्या घरात सगळ्यांचे फोटो काढणारं जे माणूस असेल, त्याच्या हातातून आजच कॅमेरा घ्या. ते नको म्हणेल, तरी काढा.

जुनं विजेचं सामान मोडीत नेणारी गाडी उद्या येणार आहे. ताईने माझ्यावर एक चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर सुबक अक्षरांत लिहिलं आहे, 'दोनदा तपासला. आत काही नाही.'