एका रेघेची पेटी

खडकबाईंनी पेटीतला मधला तुकडा उचलला, खालचं टोक वर आणि वरचं टोक खाली असा फिरवला आणि जागच्या जागी परत ठेवला. त्याच्यावरची काळी रेघ शेजारच्या तुकड्यांच्या रेघांना बेमालूम मिळाली. हात पुसायला त्या रुमाल शोधू लागल्या, तेवढ्यात शिपाई दारात आला.

"मॅडम, साहेबलोकांचा चहा झाला. पुढच्या उमेदवाराला पाठवू?"

"पाठव."

तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की खडकबाई. हे त्यांना ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं. दगडाच्या या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या. डोंगर कापून रस्ता काढायचा तर कडा उभा राहील की कोसळेल, हे सांगणं त्यांचं काम. त्यासाठी डोंगरात बोअर मारून दगडाचे लांब दांडे काढतात, त्यांना कोअर म्हणतात. दांडे तुटतात, त्यांचे तुकडे होतात. ते जुळवून लाकडी पेटीत ओळीनं मांडायचे आणि भेगा कुठल्या बाजूला उतरतात ते वाचायचं. भेग डोंगराच्या पोटात उतरत असेल तर निर्धास्त राहा. रस्त्याकडे उतरत असेल तर मात्र वरचा दगड आज ना उद्या घसरून खाली येणार.

जुन्या काळी तुकड्यांवर एकच रेघ मारायची पद्धत होती. त्या एका रेघेत एक गोम होती. तुकडा खाली डोकं वर पाय करून ठेवला तरी रेघ रेघेला मिळतेच, आणि भेग मात्र उलटीकडे कललेली दिसते. आता कुणी एका रेघेवर काम करत नाही. लाल आणि निळी अशा दोन रेघा मारतात, लाल नेहमी उजवीकडे. तुकडा उलटा झाला की रंग चुकतात आणि शेंबड्या पोरालाही कळतं.

ही पेटी एका रेघेच्या काळातली होती. खडकबाईंच्या आयुष्याचं मातेरं करणारी पेटी. प्रमुख झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी ती जुन्या गोदामातून उचलून आणवली होती.

तेव्हा त्या सरांच्या हाताखाली शिकत होत्या. तुकडे त्यांनी स्वतः मांडले होते, नीट मांडले होते. मग एक बडे पाहुणे आले, सर त्यांना पेट्यांची शेड दाखवायला घेऊन गेले. पाण्याचे ग्लास घेऊन त्या दारात पोचल्या तेव्हा सर गप्पा मारता मारता एक तुकडा पेटीत ठेवत होते. पुढे त्या पेटीच्या भरवशावर डोंगर कापला, कडा घसरला, खोदाईचं यंत्र गाडलं गेलं आणि चालकाचा पाय गेला. चौकशीत सर शांतपणे म्हणाले, "शेडची किल्ली हिच्याकडे होती. हिच्याशिवाय पेटीला कुणी हात लावला नाही." पाहुण्यांना काही आठवेना. झालं! सगळं खापर हिच्या डोक्यावर.

संशोधनाची जागा गेली. शिफारसपत्र द्यायला कुणी तयार होईना. बोअर मारणाऱ्या कंत्राटदारांकडे चिखलात उभं राहून त्यांनी उमेदीची वर्षं काढली आणि केस पिकायला लागल्यावर डॉक्टरेट घेतली. पण त्या सगळ्याचंही त्यांना इतकं नव्हतं. त्या चालकाची बायको एकदा संस्थेत आली होती. भर पडवीत तिनं खडकबाईंना जे शिव्याशाप दिले ते त्यांनी मान खाली घालून ऐकले होते. ते सरांचे होते. ते सरांनी ऐकायला हवे होते.

आणि आता उमेदवारांच्या अर्जात सरांच्या लेकीचा अर्ज. खडकबाईंनी सकाळीच थोरल्या बहिणीला फोन केला होता.

"ताई, त्याची पोरगी आलीये माझ्याकडे. नोकरी मागायला."

"अगं मग बघतेस काय? दाखव की इंगा! पोरगी रडत घरी गेली म्हणजे कळेल त्याला."

"बघू," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण फोन ठेवताना त्यांना हसू आवरेना.

मुलगी आत आली. सरांचंच नाक, आणि चालताना किंचित पुढे झुकायची सवयही त्यांचीच. शेडमध्येच मांडलेल्या टेबलाशी तिघं बसले होते: मध्ये खडकबाई, एका बाजूला घड्याळाकडे बघत बसलेले संचालक आणि दुसरीकडे दाढीवाले. दाढीवाले भूगर्भशास्त्रज्ञ, निवृत्तीला टेकलेले. त्या जुन्या चौकशीत ते सगळ्यांत तरुण सभासद होते आणि अख्खी चौकशी त्यांनी दाढी कुरवाळत काढली होती.

"खाणवाले दुप्पट पगार देतात," संचालकांनी सुरुवात केली. "धरणं आहेत, मेट्रोचे बोगदे आहेत. तुझ्यासारख्यांना लोक घरून उचलून नेतायत. मग ही तुटपुंजी संशोधनाची जागा कशाला?"

"बोगदे खणणारे पुष्कळ आहेत, सर. कडा का कोसळला हे विचारत बसायला कुणाकडे वेळ नाही. मला तेच विचारायचंय." ती थोडी हसली. "बाबाही म्हणत होते, खाणीत जा, तिथे अर्ज करू नकोस. का, विचारलं तर पेपर उघडून बसले."

खडकबाईंनी पाण्याचा घोट घेतला. बसले असणारच.

"तिकडे पेटी आहे," त्या म्हणाल्या. "रस्त्यासाठी हा डोंगर कापायचाय. वाच आणि सांग, कापू की नको?"

आधीच्या दोघांनी हीच पेटी वाचली होती, तुकडा सरळ असताना. आता तो उलटा होता. मुलगी 'कापा' म्हणणार. मग खडकबाई तिला सांगणार होत्या, तुझ्यासारख्यांमुळे माणसं गाडली जातात. वाक्य तयार होतं. कित्येक वर्षं घोटून घोटून गुळगुळीत झालं होतं.

मुलीनं पेटीला हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून ती भोवती फिरली, मग गुडघ्यांवर बसली.

"एकच रेघ?"

"जुनी पेटी आहे."

"मग माझा हिच्यावर विश्वास नाही." तिनं मान अगदी खाली नेली. "हा मधला तुकडा उलटा आहे, मॅडम. रेघ जुळतेय, पण तुटलेली तोंडं शेजाऱ्यांशी जुळत नाहीत. सरळ केला तर भेग रस्त्याकडे उतरते. नका कापू." आणि मग सहज म्हणाली, "धुळीत बोटं उमटलीयत. आजच कुणीतरी हाताळलाय."

"आधीच्या उमेदवारांपैकी कुणी असेल," संचालक म्हणाले.

खडकबाईंनी उजवा हात टेबलाखाली घेतला.

"होतं असं," मुलगी उठता उठता म्हणाली. "कुणाला दाखवायला उचलायचा आणि बोलण्याच्या नादात कसाही ठेवायचा. माझ्या बाबांच्याच हातून झालं होतं."

दाढीवाल्यांचा दाढीतला हात थांबला.

"काय झालं होतं?" खडकबाईंनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"पाहुण्यांना तुकडा दाखवला आणि उलटा ठेवला. कडा घसरला, एका माणसाचा पाय गेला. बाबा चौकशीत स्वतःहून उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी आहे, माझ्या विद्यार्थिनीची नाही." तिचा चेहरा उजळला होता. "मी लहान असताना मला लाल नि निळे खडू आणून दिले होते त्यांनी. आमच्याकडे काकडीवरसुद्धा दोन रेघा मारल्याशिवाय कापायची सोय नाही! खरं सांगू? बाबा तसे उभे राहिले ना, म्हणून मी या विषयात आले."

"पण चौकशीत तर..." दाढीवाले बोलू लागले.

"थांबा," खडकबाई म्हणाल्या. ते गप्प झाले. तो सराव त्यांना होताच.

"त्या विद्यार्थिनीचं पुढे काय झालं?"

"बाबा म्हणतात, खूप मोठी झाली. नाव विचारलं की आठवत नाही म्हणतात."

खडकबाईंच्या जिभेवर नाव आलं होतं. स्वतःचंच. ते उच्चारलं की तिथल्या तिथे सगळा हिशेब चुकता. पोरीला नापास करून काय मिळणार होतं? बाप तिला जवळ घेऊन समजूत घालणार. त्यापेक्षा हे! सरांनी आयुष्यभर जे एकच घर बांधलं ते या पोरीच्या डोळ्यांत होतं, आणि ते पाडायला एक वाक्य पुरेसं होतं. त्यांना अक्षरशः तोंडाला पाणी सुटल्यासारखं झालं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "बाहेर बस."

मुलगी गेल्यावर संचालकांनी घड्याळ पाहिलं. "हीच ना?"

"हीच."

संचालक उठून गेले. दाढीवाले रेंगाळले. "मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो. हवं होतं."

पुढे काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून ते थोडा वेळ उभे राहिले, आणि मग निघून गेले.

संध्याकाळी शेडमध्ये एकट्या असताना खडकबाईंनी सरांना फोन लावला. नंबर अजून तोच होता आणि त्यांना पाठ होता.

"ओळखलंत का, सर?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पोरीचा काही दोष नाही यात," सर म्हणाले. आवाज म्हातारा झाला होता.

"दोष कुठला? पहिली आली. सोमवारी रुजू होतेय. तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून ठेवलंय. आणि हो, तिनं सांगितलं आम्हाला, चौकशीत तुम्ही कसे स्वतःहून उभे राहिलात ते. फार छान सांगते हो."

"तू... बोललीस का काही?"

"एक अक्षर नाही. ते तुम्ही सांगायचंय."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ती रोज मला तुमचं कौतुक सांगेल आणि मी ऐकेन. पण एक दिवस ती मला विचारेल, मॅडम, तुम्ही कुणाच्या हाताखाली शिकलात? त्या दिवशी मी खोटं बोलणार नाही, सर. मला ते शिकवलं नाहीत तुम्ही."

"काय मिळेल तुला यातून?"

"तुम्हाला काय मिळालं होतं?" खडकबाईंनी विचारलं आणि फोन ठेवला.

ताई फोनवर टाळ्या पिटायची तेवढी बाकी राहिली. "फाडलंस! असंच पाहिजे मेल्याला," ती म्हणाली. खडकबाईंनाही वाटलं, असंच पाहिजे. रविवारी घर आवरताना त्या चक्क गाणं गुणगुणत होत्या. सर आता पोरीसमोर बसले असतील, आता घसा खाकरला असेल, आता पेपर आडवा धरला असेल, हे चित्र त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या आणि मन भरत नव्हतं.

सोमवारी त्या शेडमध्ये लवकर येऊन बसल्या. मुलगी आली. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले. तिनं पिशवी टेबलावर ठेवली.

"बाबांनी सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. त्या चालकाच्या बायकोचंही." तिनं पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळला. "ती तुम्हाला पडवीत बोलत होती ना, तेव्हा बाबा शेजारच्या खोलीतच होते. दाराला आतून कडी लावून."

हे खडकबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना ते बंद दार आठवलं. त्याच दाराला पाठ लावून त्या उभ्या होत्या. काहीतरी तिखट बोलायचं होतं, पण ते या पोरीला बोलून उपयोग नव्हता.

"म्हणजे ऐकलं त्यांनी," त्या म्हणाल्या.

"शब्द न् शब्द. मला म्हणून दाखवलं." मुलीनं डोळे पुसले आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "आता मी एक विचारू? मुलाखतीच्या दिवशी तो तुकडा कुणी फिरवला होता?"

'आधीच्या उमेदवारांपैकी कुणी असेल.' उत्तर तयार होतं, संचालकांनीच देऊन ठेवलं होतं. शेडची किल्ली खडकबाईंकडे होती आणि दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.

"मी," त्या म्हणाल्या.

"मला पाडायला?"

"हो."

मुलीनं मान डोलावली. "मला त्याच दिवशी वाटलं होतं. तुम्ही हात टेबलाखाली घेतलात."

"मग रुजू का झालीस?"

"विचारल्यावर तुम्ही काय सांगता ते बघायचं होतं. नाही तर परतीचं तिकीट काढून ठेवलंय." तिनं पिशवीतून लाल आणि निळी अशा दोन जाड पेन्सिली काढल्या आणि पेटीशेजारी ठेवल्या. "तुकडा अजून उलटाच आहे?"

"उलटाच आहे."

तिनं पेटीला हात लावला नाही, ती नुसती वाट बघत उभी राहिली. खडकबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून पेटीपाशी खाली बसल्या, तुकडा उचलला आणि तिच्या डोळ्यांदेखत फिरवून ठेवला.