शुक्रवारी बोलणारी पेटी

मोनालीच्या टेबलावर बोटींना हवामानाचा इशारा देणाऱ्या नव्या पेट्या ओळीने मांडल्या होत्या आणि एकजात सगळ्या मुक्या होत्या. दिवे लागत होते, पडद्यावर वाऱ्याचा इशारा झळकत होता, पण आवाज म्हणाल तर शपथेला नाही. दुपारी चारला नवापूरच्या मच्छीमार सोसायटीत याच पेट्या बोलून दाखवायच्या होत्या. मोनाली त्याच नवापूरची, तिचे वडील देवू तांडेल त्याच सोसायटीचे सभासद. फजिती झाली, तर ती थेट घरच्या ओट्यावर येऊन बसणार होती.

पण फजिती एक वेळ तिने सोसली असती. तिला धास्ती होती ती पडद्याची. गेल्या हंगामात देवूंच्या बोटीवर दुसऱ्याच कंपनीची पेटी होती आणि तिच्यावर वादळाचा इशारा लख्ख उमटला होता. देवूंना अक्षर ओळखता येत नाही. खलाशी झोपलेले. लाल अक्षरं बघून त्यांना वाटलं, बॅटरी संपत आली असेल, आणि त्यांनी बोट तशीच पुढे काढली. ते परत आले ते केवळ नशिबाने. तेव्हापासून मोनालीने ठरवलं होतं, आपली पेटी बोलणार, आणि तीही गावच्या बोलीत. इशारे तिने नलू मावशीकडून म्हणवून घेतले होते, कारण मावशीचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जातो.

बोईसरच्या एमआयडीसीतली त्यांची कंपनी म्हणजे मालक प्रदीप सर, दर्पण आणि ती. पेटीत लिनक्स होतं, पण सगळं नव्हे. लागतील तेवढीच पॅकेजं, म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम, निवडून बांधलेला एक गठ्ठा, त्याला ते इमेज म्हणत. मावशीच्या आवाजाच्या फायली इमेजमध्ये व्यवस्थित होत्या, पण त्या वाजवणारं पॅकेजच जागेवर नव्हतं. एवढं होऊन बिल्ड, म्हणजे इमेज बांधायचं काम, मात्र कुठेही न कुरकुरता पुरा झाला होता, आणि याचाच मोनालीला संताप येत होता. चुकलं तर निदान ओरडावं तरी.

"सोसायटीच्या चेअरमनना दाखवली ती पेटी किती चुरूचुरू बोलत होती," दर्पण म्हणाला. "ती शुक्रवारी भरलेली. त्याच्या आधीची बोलली, तीही शुक्रवारचीच. मी सांगतो, हिचं मौन शुक्रवारीच सुटतं."

"मग शुक्रवारचीच इमेज भरा की सगळ्यांत," प्रदीप सर म्हणाले. "बोलल्याशी कारण."

"नको, सर," मोनाली म्हणाली. "का बोलते ते कळलं नाही, तर उद्या का गप्प बसली तेही कळणार नाही. आणि गप्प बसेल तेव्हा त्या बोटीत माझा बाप असेल."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "बरं. पण चारला आपल्याला तिथे पोचायचंय."

दर्पणचा विनोद तिच्या डोक्यातून जाईना. शुक्रवारी असं वेगळं काय असतं? शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, वीज बंद, ऑफिसचं मोठं मशीन थंड. मग शुक्रवारी आपण बिल्ड करतो कुठे? घरी, जुन्या कॉम्प्युटरवर. सर काहीतरी विचारत होते, ते तसंच अर्ध्यावर ठेवून तिने स्कूटीची चावी उचलली.

घरी सोजराबाई अंगणात सुकट निवडत होत्या. लेकीला भरदुपारी आलेली पाहून त्यांनी हात थांबवला. "आज शुक्रवार नाय ना?"

"नाय गं आई. शुक्रवारचं काम राहिलंय."

दोन्ही मशीनं एकाच सामाईक रेसिपीवरून, म्हणजे पॅकेजांच्या यादीवरून, इमेज बांधत. पण प्रत्येक मशीनची स्वतःची अशी सेटिंगची एक फाईलही असते, आणि ती त्या मशीनबाहेर जात नाही. घरच्या फाईलच्या तळाशी एक ओळ होती, आवाज वाजवणारं पॅकेज मागवणारी. रेकॉर्डिंग झाल्या झाल्या "माजा आवाज पेटीतून आताच्या आता ऐकव" म्हणून नलू मावशीने तिचा जीव खाल्ला होता, तेव्हा घाईत मोनालीनेच ती तिथे टाकली होती. कालवणात मीठ पडलं होतं, पण घरच्या टोपात. ऑफिसचा टोप अळणी राहिला होता. ती इतक्या मोठ्याने हसली की सोजराबाई दारात येऊन बघून गेल्या.

तिने ती ओळ घरच्या फाईलमधून काढली, सामाईक रेसिपीत घातली आणि दर्पणला फोन केला. "नवी रेसिपी ओढून घे, इमेज बांध आणि पेट्यांत भर." बाकीचं सगळं आधीच बांधलेलं होतं, भर पडायची ती एका पॅकेजची. थोड्या वेळाने फोन वाजला. पलीकडे दर्पणने आपला फोन नुसता पेटीजवळ धरला होता.

"वारा उठला रे, जाली वडा, घरा चला." नलू मावशी खणखणीत बोलली. मग दुसरी पेटी बोलली, मग तिसरी, आणि मग कुठली कितवी ते कळेना.

"आज गुरुवार आहे," दर्पण म्हणाला. मोनालीला इतका आनंद झाला की तिने अंगणात जाऊन आईला सुकटीसकट मिठी मारली.

चारला सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्या पेट्या एकदम सुरू केल्या. चहूबाजूंनी नलू मावशी ओरडली आणि हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. "आता दर्यात पन हिचं ऐकायचं," कोणीतरी म्हणालं. मावशी पदर सावरून ऐटीत बसून होती. चेअरमननी हसू आवरलं आणि सगळ्या बोटींवर हीच पेटी बसवायची, असं तिथल्या तिथे जाहीर केलं. प्रदीप सरांनी मोनालीचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

ती मात्र वडिलांकडे बघत होती. देवूंनी एक पेटी मांडीवर घेतली होती. पडद्यावरची लाल अक्षरं त्यांनी क्षणभर न्याहाळली, मग पेटी पडद्याच्या बाजूने मांडीवर पालथी घातली आणि वाट पाहत बसले. थोड्या वेळाने पेटी बोलली.

"समजला," देवू पेटीला म्हणाले. "चला घरा."