बाईनं दिलेला शब्द

बस ताडकळसच्या स्टँडवर थांबली तेव्हा संघप्रियाला खिडकीतून सगळ्यात आधी दिसलं ते तिचं स्वतःचंच तोंड. चौकातल्या विजेच्या खांबाला दोन बांबू आडवे बांधून फ्लेक्स लावला होता. एम.ए.च्या वेळचा फोटो, गाल गोरे केलेले, मागं कुठल्या तरी परदेशी इमारतीचा घुमट. वर नाव होतं, 'कु. संघप्रिया नागनाथ वाव्हळे हिचे'. मधल्या ओळीत 'हैदराबाद येथे समाजशास्त्रात पीएच.डी.साठी निवड झाल्याबद्दल'. आणि खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, 'हार्दिक अभिनंदन'.

म्याडम, त्या तुमीच का, असं कंडक्टरनं विचारलं. तिनं ओढणी तोंडावर ओढली आणि खाली उतरली.

निवड झालेली नव्हती. निकालच लागलेला नव्हता.

चार विद्यापीठांत तिनं अर्ज केले होते. एकानं उत्तरच दिलं नाही. दारावर आलेल्या मागत्यालासुद्धा माणूस 'पुढं जा' म्हणतं, यांना तेवढंही जमलं नाही. दुसऱ्यानं दोन ओळींत उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा दिल्या. तिसऱ्यानं मुलाखतीला बोलावलं, विषय ऐकून घेतला, आणि हा काही संशोधनाचा विषय नव्हे, असं हसत सांगितलं. हसणाऱ्याच्या मागं पुस्तकांचं कपाट होतं. राहिलं ते हैदराबाद. तिथली मुलाखत फोनवर, व्हिडिओ कॉलनं झाली होती, आणि तेव्हापासून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिच्या नावापुढं 'विचाराधीन' एवढाच शब्द होता. परभणीला क्लासमध्ये पोरांना शिकवताना, जाता-येता बसमध्ये, ती तो शब्द उघडून बघायची आणि मिटून ठेवायची.

गंमत अशी, की तिचा विषयच मुळी फ्लेक्स होता.

गावातली जात बघायला लय खोल जावं लागत नाही. मान वर करून खांबाकडं बघावं. चौकातल्या खांबांवर जमीनदारांच्या पोरांचे वाढदिवस लटकतात. ज्यानं उभ्या जन्मात बापाच्या गाडीत पेट्रोल भरण्यापलीकडं काही केलं नाही, तो तिथं 'युवकांचा आधारवड' असतो. आणि बौद्धवाड्यातलं कुणी तलाठी झालं, बँकेत लागलं, तर त्याचा फ्लेक्स बौद्धवाड्याच्या कमानीला. असा नियम कुणी कुठं लिहून ठेवलेला नाही. लिहायची गरजच पडली नाही. संघप्रियानं वर्षभर गावोगावच्या खांबांचे फोटो काढले होते, आणि कुणाचं तोंड कुठं लटकतं यावरून गाव कसं चालतं ते तिला लिहायचं होतं.

आणि आता तिचंच तोंड चौकात लटकत होतं. कमानीला नाही, चौकात.

घरी नागनाथ, तिचा बाप, नवा सदरा घालून बसला होता. गवंडीकाम करणारा माणूस, सणावारालासुद्धा ज्याच्या नखांतलं सिमेंट निघायचं नाही, तो आज हात घासून-पुसून बसला होता. तिला बघून उठलाच. पूर्णेच्या पप्पूनं, म्हणजे तिच्या चुलतभावानं, फ्लेक्स कसा तातडीनं छापून दिला, बांबू कुठून आणले, वाड्यात घरोघर साखर कशी वाटली, सगळं एका दमात सांगायला लागला. आतून तिची आई कुसुमबाई तिच्यासाठी चहा घेऊन आली.

"आबा," संघप्रिया म्हणाली, "निकाल कुठं लागलाय?"

"बाईनं शब्द दिलाय न्हवं का."

"कोण्या बाईनं?"

"त्या हैदराबादच्या. म्या दारात बसून मपल्या कानानं ऐकलाय."

मुलाखतीच्या दिवशी नागनाथ कामावर गेला नव्हता. वाड्यातली पोरं दंगा करू नयेत म्हणून उंबऱ्यावर राखणीला बसला होता. आत फोन पिठाच्या डब्याला टेकवून संघप्रिया बोलत होती. शेवटी पिकल्या केसांची ती प्राध्यापक बाई म्हणाली होती, "आप यहाँ आएँगी तो हमें खुशी होगी." नागनाथला हिंदी चांगली कळत होती. ऐकण्यात त्याची काही चूक नव्हती.

चूक झाली ती पुढं. त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांत पोरगी बघायला आलेलं वडीलधारं माणूस उठताना म्हणतं, तुमची लेक आमच्या घरी आली तर आमाला आनंदच हाय. झालं. ती सोयरीक पक्की. त्यावर सही नाही, कागद नाही. त्याच पायावर साखर वाटतात. कुसुमबाईची सोयरीक अशीच झाली होती. नागनाथचा चुलता त्याला घेऊन गंगाखेडला गेला आणि हेच वाक्य बोलून आला, आणि नंतर नांदेडची चांगली तालेवार जागा सांगून आली तरी म्हातारा हलला नाही. बोललो ते बोललो. नागनाथनं उभ्या आयुष्यात मोठ्या माणसाच्या तोंडून ते वाक्य दोनदाच ऐकलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला कुसुमबाई मिळाली होती.

संघप्रियाला ओरडायचं होतं. पण बापाच्या त्या सदऱ्याकडं बघून तिचा आवाज खाली आला.

"आबा, तिकडं तसं नसतंय. ते सगळ्यांनाच गोड बोलतात."

"सगळ्यांनाच?"

"व्हय. जेवढे मुलाखतीला आले आसतील, तेवढ्या सगळ्यांना."

नागनाथनं जरा विचार केला. "मंग म्हणायचं कामून?"

याचं उत्तर समाजशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात तिला सापडलेलं नव्हतं. शिकलेली माणसं गोड का बोलतात, आणि ज्याला खरोखर त्या शब्दाची भूक असते त्याचं पुढं काय होतं, यावर कुणी प्रबंध लिहिला असेल तर असो.

नागनाथनं चपला पायात सरकवल्या. आत्ताच उतरवून येतो म्हणाला. कुसुमबाईनं त्याला दारातच अडवलं.

"बसा," ती म्हणाली. "आत्ता काढला की लोक म्हणतील, लावू दिला न्हाई."

ती बरोबर बोलत होती. सकाळी फ्लेक्स चढवताना बन्सीधर खाली येऊन उभा राहिला होता. गावातली मोठी शेती त्याची, आणि चौकातले खांबही आपलेच आहेत अशी त्याची समजूत. नागनाथ, तुमच्या कमानीला बरा शोभला असता, असं तो फार प्रेमानं म्हणाला होता. कमानीला लावला तर नुसते आमचेच लोक बघतील, आमचे लोक तर तिला रोजच बघतात, असं नागनाथनं वरूनच ऐकवलं होतं. कधी नव्हे ते उलटून बोललेला माणूस संध्याकाळी तोच फ्लेक्स गुंडाळून घरी नेताना दिसला असता, तर गावानं त्याचा अर्थ स्वतःच लावला असता.

म्हणून फ्लेक्स राहिला. आणि निकाल आता एकट्या संघप्रियाचा राहिला नाही. हैदराबादनं नाही म्हटलं तर ते भर चौकात बापाला नाही म्हटल्यासारखं होणार होतं.

मग वाट बघणं सुरू झालं. कामावर नेणाऱ्या गुत्तेदाराच्या गाडीची वाट बघत गवंडी आणि मजूर सकाळी चौकातच बसतात, नेमके त्या खांबाखाली. फ्लेक्स चढवला त्या सकाळी नागनाथ सगळ्यांत आधी जाऊन बसला होता. आता तो रस्त्याच्या पलीकडं बसू लागला, फ्लेक्सकडं पाठ करून. दत्ता नावाचा एक तरणा गवंडी त्याला डिवचायचा, की डॉक्टरच्या बापानं थापी धरावी का, मामा, तुमी आता आमच्यावर देखरेख करा. सगळे हसायचे. नागनाथही हसायचा. सकाळच्या बसमध्ये चढता चढता संघप्रियाला ते हसणं दिसायचं आणि ती पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसायची.

घरात निकाल हा शब्द बंद झाला. नागनाथ संध्याकाळी येऊन फक्त विचारायचा, जेवलीस का. ती हो म्हणायची. त्या दोन शब्दांत त्याचा सगळा प्रश्न आणि तिचं सगळं उत्तर असायचं. कुसुमबाईनं हैदराबादला न्यायला म्हणून कारळाची चटणी कुटून ठेवली होती. ती संपली. तिनं दुसरी कुटली. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "न्हाई घेतलं तरी तू खा. चटणी काय त्यांच्या बापाची हाय?" आणि दोघी बऱ्याच दिवसांनी खळखळून हसल्या.

उत्तर आलं बाजाराच्या दिवशी, दुपारी, ती सुट्टीची घरीच असताना. इंग्रजीत होतं, सभ्य होतं. अर्ज पुष्कळ आले, जागा थोड्या, खेद आहे. संघप्रियानं ते दोनदा वाचलं. रडू आलं नाही. आधी बापाचं तोंड डोळ्यांपुढं आलं. त्याला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून ती तशीच उठली आणि बाजाराच्या गर्दीतून चौकात गेली.

नागनाथ हॉटेलच्या बाकड्यावर बसला होता, शेजारी दत्ता आणि आणखी दोघं-तिघं. ती समोर येऊन उभी राहिली तसा त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"न्हाई झालं, आबा," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली.

"बाईनं काय सबब सांगितली?"

"काईच न्हाई. अर्ज लय आलते म्हणं."

"तुझं काई चुकलं का?"

"न्हाई."

"मंग झालं तर," नागनाथ म्हणाला. मग आवाज आणखी दबवून, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "तू जाय घरी, माय. मी बघतो. वाऱ्यानं फाटायलाय म्हणतो आन् काढतो."

तेवढ्यात बन्सीधर हातात भाजीची पिशवी घेऊन तिथंच आला. आज त्याला सगळ्यांची चौकशी करायची हुक्की आली होती. लेक कधी निघायलीय, असं त्यानं नागनाथला विचारलं. नागनाथनं मान खाली घातली आणि म्हणाला, निघंल की, आठ-पंधरा दिवसांत. माणूस खोटं बोलायला किती नवखा होता ते त्याच्या कानांवरून दिसत होतं. कान लाल झाले होते.

बापाला आपल्यासाठी हे करावं लागतंय, हे संघप्रियाला बघवलं नाही.

"न्हाई, काका," ती म्हणाली. "मला घेतलं न्हाई. आज कळलं."

दत्ताचा हसरा चेहरा उतरला. बन्सीधर चुकचुकला, पोरगी हुशार हाय, पुढं बघता येईल म्हणाला, आणि मग वर बघून मुद्द्यावर आला. आता तो काढून घ्यावा, लोकांत बरं दिसत नाही. शिवाय परवा आमच्या पोराचा, योगीराजचा वाढदिवस, खांब लागणारच होता.

नागनाथ उठला. रस्ता ओलांडून नव्या बांधकामाकडं गेला आणि खांद्यावर शिडी घेऊन आला. दुसऱ्या हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा होता आणि ब्रश. बन्सीधर समाधानानं बाजूला झाला. बाजाराला आलेली चार माणसं उभी राहून बघायला लागली.

नागनाथनं शिडी खांबाला लावली, वर चढला. बांबूची सुतळी मात्र त्यानं सोडली नाही. डबा शिडीच्या पायरीला अडकवला, ब्रश बुडवला, आणि मधल्या ओळीवर, हैदराबादच्या 'है'पासून, रंग मारायला सुरुवात केली. भिंतीला मारतात तसा, सावकाश, एकसारखा. हैदराबाद गेलं. समाजशास्त्र गेलं. निवड गेली. वर तिचं नाव राहिलं आणि खाली हार्दिक अभिनंदन.

"नागनाथ, हे काय करायलास?" बन्सीधर म्हणाला. "मंग आता अभिनंदन कशाचं?"

नागनाथनं ब्रश थांबवला. शिडीवरून वळून खाली बघितलं. तो रागात नव्हता. गुत्तेदाराला भिंतीचं माप समजावून सांगावं तशा आवाजात तो बोलला.

"तुमचा योगीराज जलमला म्हणून दरसाल लागतोय न्हवं का इथं? मपली लेकबी जलमलीच हाय की."

दत्ता फसकन हसला, आणि मग बाकड्यावरचे सगळेच. बन्सीधरला हसता येईना आणि रागावताही येईना. तो योगीराजला फोन करतो म्हणाला आणि फोन कानाला लावून बाजूला गेला. तो पुढं काय करणार होता, गावात काय बोललं जाणार होतं, ते संघप्रियाला ठाऊक होतं. पण आत्ता ती फक्त वर बघत होती. बापाचा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता. शिडी जरा हलत होती. ती पुढं झाली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

आता इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले. वर बापाला ते दिसत नव्हतं. त्याला फक्त ती खाली आहे एवढं कळलं.

"प्रिया," तो वरून म्हणाला, "मागचं दिसायलंय का?"

तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि नीट बघितलं. पांढऱ्याखालून अक्षरं अंधुक दिसत होती.

"थोडं दिसायलंय."

"मंग अजून एक हात मारतो."

"वाळू द्या आधी," ती म्हणाली, आणि शिडी धरून तशीच उभी राहिली.